धावपट्टीकडचा तीळ

थोरलीने तिळाचं एक बोंड अंगठ्याखाली दाबून बघितलं. पिवळसर, कडक. दाबताच टोकाला केसाएवढी चीर पडली. तिने ते ओंजळीत फोडलं. दाणे पांढरे, भरलेले, एकही पोचट नव्हता.

"परवा," ती पलीकडच्या ओळीत वाकलेल्या नवऱ्याला म्हणाली. "फार तर तेरवा. त्याच्यापुढे नाही."

"तू म्हणशील तसं." उजवा खांदा डाव्या हाताने दाबत तो सरळ झाला. "खांद्याला तेवढं विचारून घेतो, परवा मोकळा आहे का."

तिला हसू आलं, पण हसण्यात वेळ घालवला नाही. हिची धाकटी जाऊ शहरात जाऊन दहा वर्षं झाली होती, तरी घरीदारी सगळे हिला थोरलीच म्हणत. घरात आता तिघंच माणसं. ती, नवरा आणि सासू. धाकटीच्या वाटणीचं कामही हिच्याच अंगावर येऊन पडलं होतं, त्यामुळे नाव काही खोटं नव्हतं.

तिळाचं पीक फार नाजूक मिजाशीचं. खालची बोंडं पिवळी पडली की ती उमलायच्या आत कापायचं, पेंढ्या बांधून एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या आणि वाळल्या की चादरीवर उलट्या धरून झटकायच्या. मधे सहा-सात दिवस मिळतात, तेवढेच. एकदा बोंडाने तोंड उघडलं की साध्या झुळकेने दाणा मातीत जातो, आणि मातीतला तीळ वेचायला मुंगीचाच जन्म घ्यावा लागतो. त्या वर्षी पहिली पेरणी पाण्याने कुजली होती. तीळ ही दुसरी. तिसरीला वेळ नव्हता, बियाणं नव्हतं आणि खरं सांगायचं तर अंगात बळही नव्हतं.

वावराच्या एका अंगाला तारेचं कुंपण होतं, आणि कुंपणापलीकडे विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेची धावपट्टी. रोज सकाळी सातच्या सुमाराला पहिलं लहान विमान तिळावरून जायचं. सासू त्याच आवाजावर चुलीवर चहाचं पाणी ठेवायची. इतक्या वर्षांत तो आवाज थोरलीच्या अंगात मुरला होता, शेजारच्या घरातला खोकला मुरतो तसा.

बोंड फोडून बघितलं त्याच सकाळी ती धावपट्टीकडच्या टोकाला गवत उपटत होती. विमान उठलं. नेहमीसारखंच घरघरत वर आलं. मग आवाजात मधेच खाडकन काहीतरी झालं, पत्र्याचं दार वाऱ्याने आपटावं तसं. तिच्या डाव्या हाताला, वीसेक पावलांवर, तिळात काहीतरी सळसळलं. तिकडे बघायच्या आत तिने वर बघितलं. विमान एका अंगावर कललं होतं, मागे वळू बघत होतं, पाठीला कळ आलेला माणूस वळतो तसं अर्धवट. आणि मग ते वळलंच नाही. नाक खाली करून वावराच्या त्या टोकाला, विहिरीच्या अलीकडे, आदळलं.

आग लागली नाही. नुसता धुरळा उठला आणि त्यामागून तेलाचा उग्र वास आला.

ती धावली. हातात विळा होता तो तसाच. नवरा तिच्याआधी पोचला होता. मोडक्या काचेत हात घालून दार ओढत होता. आत एक पोरगाच होता, पंचविशीचा असेल नसेल. पट्ट्याने जागेवर घट्ट बांधलेला, मान पुढे टाकलेली, बसल्या बसल्या डुलकी लागावी तशी. थोरलीने त्याच्या नाकापाशी हाताचा पालथा पंजा धरला. बराच वेळ धरला.

"अहो, नाही," ती म्हणाली.

"पट्टा सोड त्याचा. सोड आधी."

पट्ट्याची खिटी कशी उघडते ते दोघांनाही कळेना. शेवटी तिने विळ्याने पट्टा कापला. तिघाचौघांचं वजन एकट्याचं असावं तसं ते शरीर त्यांच्या अंगावर आलं. त्यांनी त्याला तिळाच्या पालापाचोळ्यावर आडवं केलं. मागून धापा टाकत आलेल्या सासूने डोक्यावरचा पदर ओढून त्याच्या तोंडावरचं रक्त पुसलं आणि खाली बसून हळू आवाजात देवाचं नाव गायला लागली. रोज दळणकांडण करताना गायची त्याच चालीत. तिला दुसरी चाल येत नव्हती.

मग माणसं आली. शाळेतले आले, गाडी आली, पोलीस आले. पोराला घेऊन गेले. एका पोलिसाने विमानाच्या सांगाड्याभोवती दोरी बांधली आणि बजावलं, "विमानाला कोणी हात लावायचा नाही. चौकशीचे मोठे साहेब उद्या येतील." एक शिपाई सांगाड्याजवळ खुर्ची टाकून बसला.

आता चूक झाली ती इथेच. विमान म्हणजे काय, तर तो सांगाडा, असं थोरलीला वाटलं. बाकीचे तुकडे भोवतालच्या तिळात पसरले होते. पत्रे, काचा, तारा, एक लहान चाक, बसायच्या जागेतला फाटका कापूस. दोन दिवसांनी कापणी. अनवाणी चालायचं, विळा चालवायचा. कापणीआधी वावरातले दगडकाटे वेचून बांधावर ढीग घालायचा हे तिने लग्नाच्या आदल्या वर्षापर्यंत बापाच्या वावरात केलं होतं आणि पुढच्या वर्षापासून इथे. त्यात हे तुकडे एका मेलेल्या पोराचे. ते असे उघड्यावर पडू द्यायचे? दुपारभर तिने, सासूने आणि नवऱ्याने ओळी ओळीने फिरून सगळं वेचलं. पाट्या भरून बांधावर आणलं. त्रेचाळीस तुकडे भरले. काहींवर रक्त होतं, काहींवर चिखल आणि काळं तेल. तेही तिला बघवेना. तिने हौदाचं पाणी काढून, साबण लावून, एकेक तुकडा स्वच्छ धुतला आणि बांधावर लहानमोठ्या मापाने लावून ठेवला.

दुसऱ्या दिवशी चौकशीचा साहेब आला. ठेंगणा, टक्कल पडलेला, आवाज कधी न चढवणारा माणूस. तो बांधाजवळ थांबला. त्याने त्या चकचकीत रांगेकडे बघितलं आणि हातातली वही हळूच खाली ठेवली.

"हे कोणी केलं?"

"मी," थोरली पुढे होऊन म्हणाली. तिला वाटलं, साहेब बरं म्हणेल.

"हे धुतलं आहे."

"हो. साबण लावून."

"साबण लावून," साहेब म्हणाला. तो बांधावरच बसला आणि दोन्ही हातांनी त्याने डोकं धरलं.

विमानशाळेच्या फाटकावर बसणारा राखणदार तिथेच रेंगाळत होता. त्याला सगळे फाटकवाला म्हणत. त्याचं तोंड त्याच्या फाटकापेक्षा जास्त वेळा उघडायचं. "वहिनी," तो म्हणाला, "इस्त्री तेवढी राहिली बघा."

"तुम्ही गप्प बसा हो भाऊजी," थोरली पुटपुटली. कानशिलं तापली होती. चार माणसांत, नवऱ्यासमोर, आपण काहीतरी मूर्खपणा केला आहे हे तिला कळलं होतं. कोणता, ते अजून कळलं नव्हतं.

साहेबाने मान वर केली. "बाई, तुमची चूक नाही. आमच्या माणसांनी सांगायला हवं होतं. पण बघा, कुठला तुकडा कुठे पडला यावरूनच कळतं वर काय झालं. आधी काय सुटलं, नंतर काय सुटलं. सगळे एका जागी असतील तर विमान आख्खं येऊन आदळलं. एखादा लांब, आधीच पडला असेल, तर गोष्ट वेगळी. कळतंय मी काय म्हणतो ते?"

थोरलीला कळलं. फार लख्ख कळलं. रांगेत डावीकडून तिसरा एक पांढरा पत्रा होता, सुपाएवढा, कडेला दोन खिट्या, त्यातली एक मोडलेली. तो तिने इथे वेचला नव्हता. तो धावपट्टीकडच्या टोकाला, तिच्या गवत उपटायच्या जागेजवळ, तिळात उभा रुतलेला होता. तिने तोंड उघडलं.

"सगळं इथंच होतं साहेब," नवरा म्हणाला. "त्या दगडापासून विहिरीपर्यंत. आम्ही तिघांनी वेचलं ना. बाकी वावरात काही नव्हतं."

"नक्की?"

"आमचंच वावर आहे."

साहेबाने तिच्याकडे बघितलं. तिने पायाकडे बघितलं.

मग साहेबाच्या माणसांनी त्या दगडापासून विहिरीपर्यंत लाल पट्टी बांधली. वावराचा चौथा हिस्सा गेला असेल. "बाकीचं तुम्ही कापा," साहेब म्हणाला. "तुमचं नुकसान नको."

दुपारी जेवताना नवरा कोणाकडेही न बघता म्हणाला, "मला माहीत आहे तो पत्रा कुठला. तू पाटी घेऊन तिकडून आलीस ते बघितलं मी. पण सांगितलं असतं तर इथून तिथवर सगळं वावर बांधलं असतं त्याने. मग उमलू दे तीळ आणि बघत बस."

"पण अहो, ते म्हणतात त्यावरूनच कळतं..."

"काय कळायचं? पोरगा उठून बसणार आहे?"

सासू ताटात पाणी फिरवत होती. "देवाला सगळं दिसतं," ती म्हणाली. "पण देव काही साहेबाला जाऊन सांगत नाही बाबा. त्याच्यासाठी त्याने तोंडं केली आहेत."

"आई, तू आणि तुझा देव दोघं उद्या कापायला या," नवरा म्हणाला. "दोन माणसं वाढतील."

संध्याकाळी उन्हं कलताना बांधावर एक म्हातारा येऊन बसलेला दिसला. शर्टाच्या गळ्यापाशी टाचण्या तशाच टोचलेल्या, बोटांना सुया टोचून घट्टे पडलेले. दुकानातून उठून तसाच आला असावा. फाटकवाला थोरलीला कुंपणाशी गाठून म्हणाला, "वहिनी, तो पोराचा बाप. शिंपी आहे. काल रात्रीपासून प्रवासात होता. पोराला बघून आला, आता जागा बघायला बसलाय."

"आणि शाळेतले काय म्हणतात?"

फाटकवाल्याने पहिल्यांदाच आवाज खाली घेतला. "म्हणतात, पोराने घाबरून उंची नसताना वळण घेतलं. पहिल्या दिवशीच शिकवतात म्हणे, की मागे वळायचं नाही, समोर दिसेल तिथे उतरायचं. बापालाही तसंच सांगितलं. चार माणसांसमोर. आता म्हाताऱ्याला पोरगाही नाही आणि..." तो थांबला. "आणि वर हे."

थोरलीने म्हाताऱ्याला पाणी नेऊन दिलं. त्याने तांब्या दोन्ही हातांनी धरला, पण प्याला नाही.

"तुम्हीच काढलंत ना त्याला?" त्याने विचारलं.

"हो, काका. मी आणि ह्यांनी."

"पट्टा तुम्ही कापलात."

"उघडता येईना आम्हाला."

"बरं केलंत," शिंपी म्हणाला. थोडा वेळ तो विहिरीकडे बघत राहिला. "लहानपणी सायकलवरूनसुद्धा कधी पडला नाही हो तो. भित्रा नव्हता, पण जपून चालवायचा. ते म्हणतात घाईने वळला. मला ते बसत नाही. पण मी शिंपी माणूस. मला विमानातलं काय कळतं?"

थोरलीच्या तोंडाशी आलं होतं. तिने ते गिळलं, तांब्या घेतला आणि घरी आली. रात्रभर तिला कापणीच्या आदल्या दिवशी येते तशी गाढ, जड झोप आली आणि सकाळी उठताना वाटलं, निदान जाग तरी यायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कापणीला सुरुवात झाली. नवरा विळ्याला धार लावून आधीच उभा होता.

"धावपट्टीकडून लागू," तो म्हणाला.

"दरवर्षी रस्त्याकडून लागतो आपण."

"या वर्षी तिकडून."

तिला कळलं, का ते. दोघं शेजारच्या ओळी धरून वाकले. मूठ भरायची, विळा ओढायचा, पेंढी आडवी टाकायची. दव होतं म्हणून बोंडं नरम होती, दाणा सांडत नव्हता. अशी सकाळ कापणीला सोन्यासारखी. तिच्या मनगटाला लय सापडली, श्वास कामाला लागला. काम चालू असताना डोक्यातलं गप्प बसतं. देवाने गरिबाला दिलेली ती एक सवलत आहे. पन्नासेक पावलं कापून झाल्यावर ती ज्या ओळीत आली तिथे तिळाची चार ताटं गुडघ्याएवढ्या उंचीवर मोडलेली होती. पाचवं वाकलेलं. खाली मातीत चीर होती, बोटभर खोल, सरळ, सुरीने कापल्यासारखी. पत्रा इथे उभा रुतला होता. तिने तो दोन्ही हातांनी हलवून उपटला होता.

तिचा विळा थांबला.

"काप," नवरा शेजारच्या ओळीतून म्हणाला.

"इथंच होता तो."

"माहीत आहे मला. काप."

"एकदा कापलं की पुन्हा कोणाला दाखवता येणार नाही."

"म्हणूनच काप म्हणतो!" तो सरळ उभा राहिला. चेहरा घामाने आणि रागाने लाल झाला होता. "त्या पोराने मला विचारून वळण घेतलं? माझ्या वावरात पडायचं ठरवलं? पहिली पेरणी कुजली तेव्हा आला होता कोणी साहेब पट्टी बांधायला? मी दोन महिने या खांद्याने पाणी दिलं आहे याला. तू दिलंस. आईने दिलं. बापाचं दुःख आहे, मान्य. पण आपण काय खाणार, ते तो शिंपी शिवून देणार आहे का?"

त्याचं सगळं खरं होतं. थोरलीला त्यातलं एकही वाक्य खोडता आलं नसतं. तिचे पाय दुखत होते, पाठ दुखत होती, आणि सगळ्यात जास्त तिला हे असं मधे उभं राहण्याचा कंटाळा आला होता. तिला नुसतं कापायचं होतं. वाकून, मुकाट्याने, संध्याकाळपर्यंत.

"अहो, त्या म्हाताऱ्याला चार माणसांत सांगितलं, तुमच्या पोराची चूक," ती म्हणाली. "काल मी तांब्या घेऊन त्याच्यासमोर उभी होते. पत्रा इथे होता हे माहीत असताना उभी होते. आज पुन्हा नाही उभं राहता येणार मला."

तिने विळा बांधावर ठेवला आणि कुंपणाच्या कडेने चालू लागली. मागून हाक आली नाही. विळ्याचा आवाजही आला नाही.

साहेब सांगाड्यापाशी होता. तिने सगळं सांगितलं. काल गप्प बसले हेही सांगितलं. साहेब रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्याने फक्त वही उघडली आणि विचारलं, "दाखवता येईल?"

दोघं आले तेव्हा चार मोडकी ताटं तशीच उभी होती. नवरा त्यांच्याशेजारी मातीत बसला होता, विळा मांडीवर आडवा. तो कापू शकला असता. एक मूठभर काम होतं. साहेबाने वाकून ती चीर बघितली, मग वळून धावपट्टीकडे, मग विहिरीकडे.

"हे इंजिनावरचं झाकण," तो म्हणाला. "म्हणजे वर असतानाच उडालं." त्याने वहीत दोन ओळी लिहिल्या. "सगळं वावर बंद करावं लागेल. वरून माणसं येतील, मोजतील, फोटो काढतील. चार दिवस. पाचही लागतील."

"साहेब, तीळ पाच दिवस उभा राहणार नाही," नवरा बसूनच म्हणाला.

"मला समजतं."

"नाही समजत," नवरा म्हणाला. आवाजात रागही उरला नव्हता. "पण असू दे. बांधा पट्टी."

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं फारसं नाही. मोजणारे आले, तिपायी लावून मोजत बसले. नवरा तिच्याशी बोलेना. जे बोलायचं ते आईच्या मार्फत. "आई, तिला सांग, दोर कुठे ठेवला ते विचारतोय." तिघं एका खोलीत, हाताच्या अंतरावर, आणि निरोप सासूच्या खांद्यावरून. शेवटी सासू कंटाळून म्हणाली, "मी काय टपालखातं आहे? त्यांना पगार असतो तरी."

तिसऱ्या दिवशी कोरडा वारा सुटला. बांधावर उभं राहिलं की ऐकू यायचं. आधी बारीक टकटक, बोंडं तडकल्याची. मग सर्र, दाणे पानांवरून घसरत मातीत जाताना. हजार ठिकाणी एकाच वेळी. थोरलीने कानावर हात ठेवले नाहीत. आपणच केलेलं आपण ऐकावं, असं तिला वाटलं. पाखरांचे थवे उतरले. पट्टीच्या आत जायची बंदी म्हणून सासू बांधावरूनच डबा वाजवत फिरायची, आणि डब्याच्या ठेक्यावर तिचं देवाचं गाणं. पाखरं उडायची, फिरून तिथेच बसायची. "घ्या बाबांनो," दमली की ती म्हणायची, "तुमचंही पोट आहे. पण लाज म्हणून थोडं तरी उडा."

शिंपी गावातल्या खानावळीत उतरला होता. रोज सकाळी येऊन बांधावर बसायचा. कोणाला काही विचारायचा नाही.

सहाव्या दिवशी सकाळी पट्टी सुटली. साहेबाने सगळ्यांसमोर शिंप्याला सांगितलं. फाटकवाला होता, शाळेतले दोघं होते. "झाकण उडालं आणि समोरच्या काचेवर आपटलं. काचेवर त्याची खूण सापडली. काच फुटून तुमच्या मुलाला समोरचं काही दिसत नसणार, म्हणून तो वळला. खिटी कशी सुटली, त्याने तपासायची राहिली की ती आधीच मोडकी होती, ते कळायला महिने लागतील. त्याची चूक नव्हती असं मी म्हणत नाही. पण चूक होती असंही आता कोणाला म्हणता येणार नाही."

शिंप्याने विचारलं, "झाकण पडल्यापासून तो पडेपर्यंत किती वेळ गेला?"

"पाच सेकंद. फार तर सहा."

"मला ते अंतर चालून बघायचं आहे," शिंपी म्हणाला. "तो गेला तसं. सरळ."

सरळ जायचं म्हणजे उभ्या तिळातून. सहा दिवस सगळे, साहेबसुद्धा, बांधाच्या कडेने वळसा घालून गेले होते. आता जी बोंडं अर्धी उघडी होती, धक्का लागला की रिकामी झाली असती. उरलंसुरलं तेवढंच उरलं होतं. थोरलीने नवऱ्याकडे बघितलं नाही. एवढं मागायला तिला तोंड नव्हतं.

म्हातारा त्या मोडक्या ताटांपाशी उभा होता, हात पुढे करून, उंच पिकात कसं शिरावं ते न कळून.

नवरा पुढे आला. "थांबा, काका. ताटं डोळ्याला लागतील." तो त्याच्यापुढे झाला, आडवा, डावा खांदा पुढे करून, आणि स्वतःच्या तिळात शिरला. ताटं दोन्ही बाजूंना दाबत, पायाने खाली मोडत, तो सावकाश विहिरीच्या दिशेने चालू लागला. त्याच्या डोक्यावर, मानेवर, शर्टात तीळ सांडत होता. मागून म्हातारा ओठांत पावलं मोजत जात होता. त्यांच्यामागे थोरली. बांधावरच्या माणसांना तिघांची नुसती डोकी दिसत होती, आणि सांडणाऱ्या दाण्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

विहिरीच्या अलीकडे म्हातारा थांबला. "दोनशे चौदा," तो म्हणाला. धाप लागली होती. "मला एवढा वेळ लागला. त्याला पाच सेकंद." त्याने आपल्या बोटांकडे बघितलं. "पाच सेकंदांत मला आता सुईत दोरा ओवता येत नाही. त्याने एवढं मोठं विमान वळवायला घेतलं. हात चालवत होता तो."

"हो, काका," थोरली म्हणाली.

म्हातारा तिथे थोडा वेळ उभा राहिला. मग बांधाच्या कडेने, कोणाचा निरोप न घेता, रस्त्याकडे निघून गेला. साहेबाची गाडी गेली. फाटकवाला काहीतरी बोलायला तोंड उघडून, न बोलताच फाटकाकडे गेला.

ऊन वर येत होतं. सासूने घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी आणून बांधावर टाकल्या. आता पेंढ्या बांधून वाळवायचे दिवसच उरले नव्हते. ताटाखाली चादर धरायची, तिथल्या तिथे कापायचं आणि तिथेच झटकायचं. एकाने धरायची, दुसऱ्याने कापायचं. एकट्याचं काम नव्हे.

थोरली विळा घेऊन कुठून लागावं ते बघत उभी राहिली. नवरा केसांतला तीळ झटकत विहिरीकडून परत येत होता. तो तिच्यासमोर थांबला, चादरीची दोन टोकं उचलली आणि सहा दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलला.

"इथूनच लाग. मधून वाट झालीच आहे."

ती खाली वाकली. त्याने चादर ताटांच्या मुळाशी सरकवली, दुखरा खांदा वर ओढत.

"आणखी खाली धरा," ती म्हणाली.

त्याने आणखी खाली धरली.